२८ वर्षे आणि ३५ वर्षे: नागपूरच्या गादीवरील दोन रघूजी

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात दोन राज्यकर्त्यांना दीर्घ कारकीर्द लाभली. रघूजी दुसरे यांनी १७८८ ते १८१६ अशी २८ वर्षे प्रत्यक्ष कारभार केला. रघूजी तिसरे १८१८ ते १८५३, म्हणजे ३५ वर्षे गादीवर होते. पहिल्यांच्या मृत्यूनंतर वीस महिन्यांत राज्याचे स्वातंत्र्य गेले. दुसऱ्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत राज्यच गेले.

दीर्घकाळ सत्तेवर राहणारा राज्यकर्ता आपल्या समाजाला बळकट करतो की आतून पोखरतो, हा प्रश्न रोम आणि फ्रान्सपासून दिल्लीपर्यंत सर्वत्र विचारला गेला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी इतके लांब जाण्याची गरज नाही. महालातून निघून सीताबर्डीच्या टेकडीपर्यंतचा इतिहास पुरेसा आहे. हा धागा त्याच इतिहासाचा.

सुरुवात पहिल्या रघूजींपासून करावी लागते. देवगडच्या गोंड राजघराण्यातील वारसांचा कलह मिटवण्यासाठी त्यांना बोलावले गेले आणि त्या कलहातूनच त्यांचे नागपूरचे राज्य उभे राहिले. दुसऱ्याच्या घरातील वारसाहक्काचे भांडण हा या राज्याचा पाया होता, ही गोष्ट पुढे वाचताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेनासाहेब सुभा ही पदवी धारण करणाऱ्या या सरदाराने बंगालवर एकामागून एक स्वाऱ्या केल्या. १७५१ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने ओडिशाचा ताबा आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. १७५५ मध्ये रघूजी वारले, आणि ज्या आजाराने देवगडचे गोंड राज्य संपले तोच आजार भोसल्यांच्या वाड्यात शिरला.

चार मुलगे होते: जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी. जानोजींना गादी मिळाली, पण मुधोजींशी तंटा झालाच. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. त्यांनी मुधोजींच्या मुलाला दत्तक ठरवले होते, तरी मुधोजी आणि साबाजी हे दोघे भाऊ तीन वर्षे लढत राहिले. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजींची सरशी झाली होती. विजयाच्या भरात त्यांनी आपला हत्ती थेट मुधोजींच्या हत्तीजवळ नेला आणि शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी पिस्तूल झाडले. साबाजी जागीच ठार झाले आणि हरलेली लढाई मुधोजींनी जिंकली.

ज्या दत्तक मुलाच्या नावाने हे सारे घडले, तेच रघूजी दुसरे. गादी नावाने त्यांची १७७२ पासून होती. कारभार हाती आला तो १७८८ मध्ये, मुधोजींच्या मृत्यूनंतर. या घराण्यातील हा एकच सत्तापालट रक्ताविना झाला, कारण नवा राजा सोळा वर्षे आधीच गादीवर बसलेला होता.

त्यांच्या कारकिर्दीची पहिली पंधरा वर्षे पाहिली, तर दीर्घ सत्तेच्या बाजूने निकाल द्यावासा वाटतो. मराठ्यांनी एकत्र लढलेल्या १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेत नागपूरचे सैन्य होते. पुढच्या काही वर्षांत मंडला, होशंगाबाद हा नर्मदेकाठचा मुलूख जोडला गेला. शतक संपताना हे राज्य वऱ्हाडापासून ओडिशाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरलेले होते. उत्पन्न सुमारे एक कोटी रुपये, घोडदळ १७ हजार, पायदळ २५ हजार. त्या पायदळापैकी ११ हजार कवायती पलटणींत. शिवाय चार हजार अरब आणि सुमारे ९० तोफा.

सैन्याच्या आकड्यांहून महत्त्वाची गोष्ट शेताची आहे. भोसले मूळचे कुणबाऊ वळणाचे, शिपाईगडी. सरदारांशी त्यांचे नाते रक्ताचे आणि रोजच्या उठण्याबसण्याचे होते. कारभाराची रीत अगदी साधी होती. मुलुखात लढाया क्वचितच होत, त्यामुळे लागवड वाढत गेली आणि लागवडीबरोबर महसूलही वाढला. हे प्रमाणपत्र पुढच्या काळातील इंग्रज अधिकाऱ्यांनी दिलेले आहे, आणि ते भोसल्यांची स्तुती करण्यासाठी बसले नव्हते.

मग १८०३ उजाडले.

२३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. अडगावला नागपूरच्या सैन्याचे नेतृत्व रघूजींचे बंधू व्यंकोजी करत होते. अडीच महिन्यांत आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांची संयुक्त फौज मोडली. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक प्रांत बालेश्वरासह इंग्रजांकडे गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एका कागदावर संपला.

खरा प्रश्न येथे सुरू होतो. पराभवानंतरही रघूजी आणखी तेरा वर्षे सत्तेवर राहिले आणि त्या तेरा वर्षांत त्यांनी एक गोष्ट सातत्याने केली: तैनाती फौजेला नकार. दरबारात इंग्रज रेसिडेंट आला, आधी एल्फिन्स्टन आणि मग जेंकिन्स. दोघांनीही परोपरीने सुचवले. १८०९ मध्ये अमीरखानाने नागपूरच्या राज्यावर चाल केली, तेव्हा इंग्रजांनी न मागता मदतीस फौज पाठवली. तरीही रघूजींनी सही केली नाही. पुण्याच्या पेशव्याने १८०२ मध्येच वसईला जे लिहून दिले होते, ते नागपूरच्या राजाने मरेपर्यंत लिहून दिले नाही.

स्वातंत्र्याच्या इतिहासात ही तेरा वर्षे सोनेरी अक्षरांत लिहिली जावीत असे वाटते. पण त्यांची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे.

गेलेल्या एक तृतीयांश मुलुखाचा महसूल उरलेल्या दोन तृतीयांशातून काढण्याचा उद्योग सुरू झाला. गावांचा सारा निर्दयपणे वाढला. नवनवे कर बसले. सैन्याचा पगार थकू लागला आणि थकलेले सैन्य ज्या मुलुखाच्या रक्षणासाठी ठेवले होते त्याच मुलुखातील शेतकऱ्याला लुटून पोट भरू लागले. त्यात पेंढाऱ्यांची भर पडली. १८११ मध्ये तर पेंढारी थेट नागपुरापर्यंत आले आणि शहराबाहेरची वस्ती जाळून गेले. राजधानीच्या वेशीवर धूर दिसत होता आणि राजा कोषागार सांभाळत होता. इंग्रजांच्या लेखनात त्यांचा उल्लेख ‘बडा बनिया’ असा येतो. शत्रूने ठेवलेले नाव म्हणून ते सोडूनही देता येईल. थकलेल्या पगारांचा हिशेब मात्र सोडता येत नाही.

या काळाचा एक पुरावा विदर्भात आजही उभा आहे. नागपूरच्या आसपासच्या खेड्यांतून फिरताना मातीच्या जाड भिंतींच्या, ढासळलेल्या बुरुजांच्या गढ्या दिसतात. त्या राजेरजवाड्यांच्या हौसेच्या आहेत असा अनेकांचा समज असतो. त्यांतील बऱ्याच गढ्या याच वर्षांत उभ्या राहिल्या. पेंढारी आल्याची आवई उठली की गाव गढीत शिरायचे आणि जिवानिशी लढायचे. भिंतीबाहेरचे सगळे, म्हणजे पीक, गुरे, घर, आधीच गेलेले असायचे. राजा स्वतंत्र होता, त्याच वर्षांत रयत स्वतःच्या संरक्षणासाठी स्वतः माती मळत होती. ‘राज्य बळकट’ आणि ‘समाज बळकट’ या दोन गोष्टी एकच आहेत असे धरून चालणाऱ्यांनी एकदा तरी अशा गढीत उभे राहून पाहावे.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. मुलगा परसोजी अंध आणि अर्धांगाने पिडलेला, राज्य चालवण्यास असमर्थ. पुतणे आप्पासाहेब, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, समर्थ आणि महत्त्वाकांक्षी. पण वडिलांच्या जहागिरीवरून त्यांचे आणि चुलत्यांचे वितुष्ट आलेले. वाड्यात बाकाबाई, दिवंगत राजांची राणी, परसोजीच्या नावाने कारभार आपल्या हाती ठेवू पाहत होत्या. अठ्ठावीस वर्षांत या प्रश्नाची सोडवणूक झालेली नव्हती. परसोजीची प्रकृती काही एका रात्रीत बिघडली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दिरंगाई किती मोठी होती ते कळते.

बाकाबाईंचा पक्ष बाजूला सारण्यासाठी आप्पासाहेबांना आधार हवा होता. तो आधार जेंकिन्सने दिला आणि मे १८१६ मध्ये तैनाती फौजेच्या तहावर सही झाली. जे रघूजींनी तेरा वर्षे नाकारले, ते त्यांच्या मृत्यूनंतर जेमतेम दोन महिन्यांत घडले. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा बिछान्यात खून झाला. नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखेला, आप्पासाहेब त्याच इंग्रजांविरुद्ध उठले असता, सीताबर्डीची लढाई झाली. संख्येने कितीतरी मोठी असलेली भोसल्यांची फौज टेकडीवरील मूठभर पलटणींना हटवू शकली नाही. पुढच्या वर्षी आप्पासाहेब पदच्युत झाले, कैदेतून निसटले आणि परागंदा झाले.

या तेरा वर्षांचे मोल काय, यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. एवढे मात्र दिसते की रघूजींचा नकार हा राज्याचा नकार कधीच झाला नाही. तो एका माणसाचा नकार होता. त्यामागे नियमित पगार मिळणारे सैन्य नव्हते, ठरलेला वारस नव्हता आणि राजाच्या पश्चात तोच निर्णय चालवील असे मंडळही नव्हते. माणूस गेला, नकारही गेला.

येथे दिल्लीकडे एक नजर टाकणे अस्थानी होणार नाही. नागपूर वसवणारा देवगडचा राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारात गेलेला होता. १७०२ हे शहराचे स्थापनावर्ष मानले जाते. तेव्हा औरंगजेबाच्या सत्तेला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला, त्या वेळी गादीवर आलेला मुलगा त्रेसष्ट वर्षांचा होता. बापाच्या सावलीत म्हातारा झालेला हा वारस पाच वर्षांत गेला. १७१९ पर्यंतच्या बारा वर्षांत दिल्लीच्या तख्ताने सहा बादशहा पाहिले. दीर्घायुषी सत्ता वारसाला कसे कुजवते याचे याहून ठळक उदाहरण हिंदुस्थानच्या इतिहासात सापडणे कठीण.

आता दुसरे उदाहरण, आणि ते पहिल्याच्या अगदी उलट जातीचे आहे.

जून १८१८ मध्ये इंग्रजांनी रघूजी दुसऱ्यांच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास दत्तक देववून गादीवर बसवले. तेच रघूजी तिसरे. ते अल्पवयीन असल्याने वाडा बाकाबाईंकडे आणि राज्य जेंकिन्सकडे, अशी वाटणी झाली. जेंकिन्सने मुलूख विभागून प्रत्येक भागावर इंग्रज अधिकारी नेमला, महसुलाची घडी बसवली आणि १८२७ मध्ये या सगळ्याचा एक जाडजूड अहवाल छापला, जो नागपूरच्या इतिहासाचे आजही महत्त्वाचे साधन आहे. १८२६ च्या तहाने राजांच्या हाती कारभार परत येऊ लागला. चांदा, छत्तीसगड वगैरे भाग १८३० मध्ये आले. त्यानंतरची तेवीस वर्षे राज्य त्यांचे स्वतःचे होते.

या पस्तीस वर्षांत युद्ध नाही. पेंढारी नाहीत. गढ्यांचे दरवाजे उघडेच राहिले आणि भिंतींवर गवत उगवले. ज्या शेतकऱ्याच्या बापाने १८११ पाहिले होते, त्याला ही राजवट वाईट वाटली असेल असे मानण्याचे कारण नाही. स्वाभिमानी राजाच्या काळात रयत भरडली गेली आणि मांडलिक राजाच्या काळात तिने शांतपणे पेरणी केली. इतिहासातील ही विसंगती पचायला जड आहे, पण तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

उत्तरार्धात मात्र कारभार ढिला पडला. रेसिडेंट मॅन्सेलने राजांचे व्यसन, करमणुकी आणि न्यायाच्या कामातील नजराण्यांबद्दल कडक शब्दांत लिहिले. हे लेखन वाचताना सावध राहावे लागते, कारण राज्य खालसा करताना डलहौसीने नेमकी हीच वाक्ये वापरली. गंमत अशी की राजांवर टीका करणाऱ्या त्याच मॅन्सेलने भोसले घराण्याची काही राजकीय प्रतिष्ठा राखावी असे सुचवले होते. ती सूचना मात्र डलहौसीला उपयोगाची वाटली नाही.

राजांना पुत्र नव्हता. दत्तक घेण्याचा विषय निघूनही ते टाळत राहिले, असे इंग्रजांच्या कागदपत्रांतून दिसते. दत्तक घेणे म्हणजे आता आपल्याला मूल होणार नाही हे दरबारासमोर मान्य करणे. माणूस म्हणून त्यांची ही अडचण समजण्यासारखी आहे. परंतु १८४८ मध्ये सातारा खालसा झाले होते, आणि तेथे तर राजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेला होता. साताऱ्याची बातमी नागपूरला पोहोचल्यानंतरही पाच वर्षे मिळाली. त्या पाच वर्षांत काहीच झाले नाही. पस्तीस वर्षे जे राज्य चालले, ते आणखी चालेल या सवयीवर सगळे विसंबून राहिले: राजा, दरबारी, मानकरी, सगळेच.

११ डिसेंबर १८५३ रोजी राजे वारले. राण्यांनी आणि बाकाबाईंनी नात्यातील यशवंतराव आहिररावांना पुढे केले. मराठ्यांच्या रिवाजाप्रमाणे विधवेला दत्तकाचा अधिकार आहे, हा त्यांचा मुद्दा होता. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात तो नाकारला. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमधील कर्नल लो याने विरोध नोंदवला, पण तो एकटाच पडला. टिपणात कापसाचा उल्लेखही आहे, हे सुज्ञ वाचकांस सांगायला नकोच. मार्चमध्ये ७५ हजारांहून अधिक चौरस मैलांचे राज्य कंपनीच्या नकाशात मिळाले. बंदुकीची एक गोळीही सुटली नाही.

पुढची हकिकत नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजांचे हत्ती, घोडे, उंट आणि बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलाने गेले. जामदारखान्यातील जवाहिर विक्रीसाठी कलकत्त्याला पाठवले गेले. वाड्यातील सामान हलवू लागले तेव्हा राण्यांपैकी एकीने वाड्याला आग लावण्याची धमकी दिली. शहरात मूक संताप होता, तरी संघटित प्रतिकार कोणी करू शकले नाही. पस्तीस वर्षांत तसा प्रतिकार करू शकेल असे काही उभेच राहिले नव्हते. लढणारे सैन्य तैनाती होते, म्हणजे दुसऱ्याचे. निर्णय राजांचे, आणि राजे गेलेले.

याच इंग्रज छत्राखाली दुसऱ्या एका मराठी राजाला साठांहून अधिक वर्षे मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला आणि १९३९ पर्यंत गादीवर राहिला. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा, गावोगावी वाचनालये. सयाजीरावांच्या हयातीत त्यांचा थोरला मुलगा गेला, पुढे गादी नातवाकडे आली आणि त्या नातवाला १९५१ मध्ये भारत सरकारने पदच्युत केले. म्हणजे वारसाच्या बाबतीत बडोद्याचे नशीबही फार थोर नव्हते. पण बँक चालू राहिली, शाळा चालू राहिल्या. त्या उघडण्यासाठी राजाने सकाळी उठण्याची गरज नव्हती.

ही तुलना पूर्णतः न्याय्य नाही, हे मान्य केले पाहिजे. सयाजीरावांचा काळ रेल्वेचा, छापखान्याचा. रघूजी तिसऱ्यांच्या मृत्यूच्या वर्षी हिंदुस्थानात पहिली प्रवासी आगगाडी धावली. रघूजी दुसऱ्यांसमोर तर वेलस्ली उभा होता. पण वाचनालये नकोत, बँकही नको. परसोजीच्या आजारपणाकडे डोळे उघडून पाहणे १८१० मध्ये शक्य होते. सातारा गेल्यावर दत्तकाचा विधी उरकणे १८४९ मध्येही शक्य होते. त्याला आगगाडी लागत नाही. दत्तकाने राज्य वाचलेच असते असे नाही, साताऱ्याचे वाचले नाही. मात्र डलहौसीला गादी रिकामी आहे असे इतक्या सहज लिहिता आले नसते.

या दोन्ही राजवटी आणि त्यांच्या दोन्ही शेवटांच्या साक्षीदार बाकाबाई होत्या. पतीच्या मृत्यूनंतर तैनाती फौज येताना त्यांनी पाहिली, अप्रिय आप्पासाहेबांना पळताना पाहिले, एका मुलाला गादीवर वाढवले आणि पंचाहत्तरीच्या सुमारास त्याच्या पश्चात कलकत्त्याशी झुंजण्याची वेळही त्यांच्यावरच आली. १८५७ मध्ये त्यांनी आपल्या माणसांना उठावापासून रोखले. त्यानंतर इंग्रजांनी यशवंतरावांना, आता जानोजी या नावाने, देऊरचे राजेबहाद्दर ही पदवी दिली. राज्य नाही, एका गावाच्या नावाची पदवी. १८५८ मध्ये बाकाबाई वारल्या.

नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, आणि ती बाकाबाईंची प्रतिमा आहे अशी लोकसमजूत आहे: इंग्रजांना मिळाल्या म्हणून. शहर दरवर्षी तिला शिव्याशाप देत वेशीबाहेर नेते आणि जाळते. १८५७ चा तो निर्णय त्यांचाच होता, त्यामुळे हा राग अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र अठ्ठावीस वर्षे आणि पस्तीस वर्षे ज्यांच्या हाती निर्णय होते, त्या दोघांची नावे त्या लोककथेत येत नाहीत.